चार वस्त्यांचं पान

मला बोलायला फार लागतं. शिरूरच्या बाजारात कोथिंबीर आणायला गेले तरी अर्धा तास जास्त मोडतो, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. गुडघ्याचं दुखणं, सुनेचं कौतुक, क्लासातल्या कुठल्या पोरीचं लग्न कुठं जमलं — काही म्हणून पोटात ठेवलेलं नाही. त्यामुळे कुणाला वाटणारही नाही, की या बाईकडे एक गोष्ट अशी आहे जी तिनं आजवर कुणापुढे काढली नाही. नवऱ्यापुढेही नाही. ते शेवटचे अंथरुणावर होते तेव्हा मी तीन दिवस उशाशी बसून होते. तेव्हा एकदा जिभेपर्यंत आली होती. मी तोंड उघडलं — आणि विचारलं, पाणी देऊ का?

आज लिहायला बसले आहे, कारण लिहिताना समोर चेहरा नसतो. तरी बघा, एवढं लिहून मी दोनदा उठले. एकदा दार नीट लागलंय का बघायला, आणि एकदा उगाच.

सुरुवातीपासून सांगते. म्हणजे तुमचा गोंधळ व्हायचा नाही. आणि खरं सांगू? म्हणजे मलाही तेवढा वेळ मिळेल.

शिरूरला स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा टायपिंगचा क्लास होता. नव्वदच्या सुमाराला आठ मशीनं एकदम चालायची. खालचा शिंपी म्हणायचा, "बाई, तुमच्याकडं बारा महिने पत्र्यावर गारा पडत्यात." मग कॉम्प्युटर आले आणि मशीनं भंगारात गेली. मी घाबरले होते. मॅट्रिक झालेली, चाळिशी ओलांडलेली बाई. पण क्लास बंद करून घरी बसायची भीती त्याहून मोठी होती. रांजणगावच्या एका कंपनीतून काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर मिळवला, त्याच्याबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. एका मांडीवर पुस्तक, दुसऱ्या मांडीवर डिक्शनरी — असं करत मी प्रोग्रॅम लिहायला शिकले. मला तो प्रकार टायपिंगचीच पुढची पायरी वाटला. एक अक्षर चुकलं की सगळं पान बाद. त्यात मी पक्की होते. लोक मला कॉम्प्युटरबाई म्हणायला लागले. ते नाव मला फार आवडायचं. एवढं आवडायचं, की —

थांबा. तिकडे येतेच.

दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. पुण्याहून एक साहेब माझ्याकडे काम घेऊन आले. काम असं, की भीमेच्या आणि घोडनदीच्या काठावर ज्या वस्त्या आहेत त्यांचा कॉम्प्युटरवर नकाशा करायचा. आमच्याकडच्यांना हे सांगायला नको, पण तुम्ही लांबचे असाल तर सांगते. नदीकाठच्या शेतकऱ्याची पाण्याची मोटार काठावर, अगदी पाण्यालगत बसवलेली असते. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की नदी फुगते आणि मोटार, पाइप, केबल सगळं घेऊन जाते. म्हणून पाणी सोडायच्या आधी निरोप फिरतो — मोटारी काढा. कुणाला निरोप मिळतो, कुणाला मिळत नाही. साहेबांची कल्पना चांगली होती. प्रत्येक वस्तीचं ठिकाण जीपीएसच्या यंत्रानं मोजायचं, तिथल्या एका माणसाचा फोन नंबर घ्यायचा, आणि पाणी सुटणार म्हटलं की कॉम्प्युटरनं काठच्या वस्त्यांची यादी काढून द्यायची. त्या यादीवरून फोन करायचे. बास.

वस्त्या मोजायला तीन माणसं होती. त्यांतले दोघे कधी आले-गेले मला नीट आठवत नाही. तिसरे अशोकमामा.

अशोकमामा दौंडचे. रेल्वेत गँगमन होते, निवृत्त झालेले. आयुष्यभर रूळ बघत चाललेला माणूस. चालणं म्हणजे त्यांना काहीच नव्हतं. न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीनं शिरूरला यायचे, जिन्यात चप्पल काढायचे आणि दारातून म्हणायचे, "जय भीम, बाई. गारा थांबल्या व्हय तुमच्या?" शिंप्याचा विनोद त्यांनीही उचलला होता. बाकीचे दोघे नुसतं यंत्र आणून द्यायचे. मामा यंत्राबरोबर एक वहीही आणायचे. लांबडी, लाल पाठीची, जाड पुठ्ठ्याची. तीत प्रत्येक वस्तीपुढे वेळ, यंत्रातले आकडे, फोन नंबर, आणि कडेला एखादी ओळ. मी विचारलं, मामा, यंत्रात असतंच की, वही कशाला? म्हणाले, "यंत्राचा काय भरवसा बाई, सेल उतरला की येडं होतंय. वहीला सेल लागत न्हाई."

शेवटची वही आणून दिली तेव्हा त्यांनी एक पान उघडून बोट ठेवलं होतं. म्हणाले, "मांडवगणच्या पुढं सेल बदलले, तवापासनं ह्या पानावर येकाऐवजी तीन-तीन आकडे दावतंय. तेवढं जरा बघा." मी म्हटलं, बघते मामा. काळजी करू नका.

हे वाक्य लक्षात ठेवा. मला विसरता आलेलं नाही.

आता माझं काम काय होतं तेही सांगते, सोपं करून. हे सगळे आकडे जेसॉन नावाच्या एका साच्यात बसवायचे. महिरपी कंस, चौकोनी कंस, अवतरणचिन्हं, स्वल्पविराम — सगळं ठरलेलं. एक स्वल्पविराम जास्त झाला तरी नकाशा उघडत नाही. त्यासाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो एकेक ओळ वाचायचा आणि साच्यात घालायचा. पहिल्यांदा चालवला तेव्हा शिरूरच्या सगळ्या वस्त्या जगाच्या नकाशावर पार वर, उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात जाऊन पडल्या. मी डोक्याला हात लावला. मग कळलं, त्या साच्यात रेखांश आधी लिहायचा आणि अक्षांश नंतर, आणि मी उलटं लिहिलं होतं. ते फिरवलं. वस्त्या आपापल्या जागी येऊन बसल्या. मामा त्या दिवशी आले होते. त्यांना सांगितलं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "तरीच म्हटलं, काल थंडी का वाजतीय."

किती छान दिवस होते ते. मी लांबण लावते आहे, कळतंय मला.

ज्या दिवशी काम पाठवायचं होतं, त्या दिवशी आमचं लोडशेडिंग बारा वाजता होतं. इन्व्हर्टरची बॅटरी बसलेली. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, दुपारी आमची मोठी मीटिंग आहे, बाराच्या आत मेल आला पाहिजे. साडेअकरा होऊन गेले होते आणि माझा प्रोग्रॅम एका ओळीवर येऊन बंद पडत होता. मामांच्या त्याच पानावरची पहिली ओळ. बाकी सगळ्या ओळींत अक्षांश म्हणजे एक आकडा, दशांशाचा. या ओळीत तीन — अंश, मिनिटं, सेकंद. प्रोग्रॅमला एक आकडा हवा होता, तीन बघून तो अडला. वास्तविक त्यात काही नाही. मिनिटांना साठनं भागायचं, सेकंदांना छत्तीसशेनं, आणि अंशांत मिळवायचं. मला ते येत होतं. पंधरा मिनिटांचं काम.

माझ्याकडे घड्याळात वीस होती.

मी काय केलं सांगू? एक ओळ लिहिली. तिचा अर्थ असा, की एखाद्या ओळीत चूक निघाली तर ती ओळ सोडून द्यायची आणि पुढे जायचं. गुपचूप. तक्रार करायची नाही. बटण दाबलं आणि प्रोग्रॅम सुरळीत शेवटपर्यंत गेला. एकही चूक नाही. पडदा कसा स्वच्छ. पानावरच्या चार वस्त्या साच्यात आल्याच नाहीत, आणि दीड-दोनशे वस्त्यांत चार कमी आहेत हे कोण मोजतं? मी मनात म्हटलं, लाईट आली की नीट करू. मेल गेला आणि पंखा थांबला.

साहेबांचा संध्याकाळी फोन आला. म्हणाले, बाई, पुण्यातल्या मुलांना हे तीन आठवडे जमलं नव्हतं, तुम्ही एक चूक न येता दिलंत. मी फोन ठेवला आणि शिंप्याच्या बायकोला पेढे दिले.

ती ओळ मी नंतर नीट केली का? नाही. आज करू, उद्या करू. नंतर पोरींच्या परीक्षा आल्या. नंतर — मला वाटतं, नंतर मला ते आठवायचंच नव्हतं. नीट करायची म्हणजे आधी कबूल करायचं, की तो स्वच्छ पडदा खोटा होता.

पावसाळ्यात पाणी सुटलं. यादीवरून फोन गेले आणि लोकांनी मोटारी काढल्या; साहेबांची योजना चांगली चालली. त्या पानावरच्या चार वस्त्यांपैकी तीन उंचावर आहेत, त्यांचं काही बिघडलं नाही. चौथी मळईची वस्ती. नदीच्या वळणात, गाळाच्या रानात, पंधरा-वीस घरं. तिथं फोन गेला नाही. काठावरच्या सगळ्या मोटारी गेल्या. एकाची दावणीला बांधलेली गाय गेली. माणूस गेलं नाही — हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल? माणूस तर गेलं नाही. पण ती गाय दावणीलाच होती. तिला सोडायलाही कुणाला सवड मिळाली नाही.

मला कळलं ते एसटी स्टँडवर, दोन बायका बोलत होत्या त्यावरून. "मळईवाल्यांना म्हणं फोनच न्हाई आला." माझ्या हातातली पिशवी तिथल्या तिथं जड झाली. घरी आले, कपाटातून मामांची वही काढली. पान उघडलं. मळईची वस्ती, वेळ, तीन-तीन आकडे, नंबर. सगळं होतं. मामांनी सगळं दिलं होतं.

तीन दिवसांनी साहेबांनी सगळ्यांना माझ्याच क्लासात बोलावलं, कारण नकाशा माझ्या कॉम्प्युटरवर होता. हे तीन दिवस माझी झोप उडाली होती. भाजीत मीठ दोनदा पडायचं. मी वाक्य पाठ करत होते. साहेब, चूक माझी आहे, मामांनी आकडे दिले होते. एवढंच वाक्य! भांडी घासताना म्हणायची, कपडे वाळत घालताना म्हणायची. अगदी न अडखळता यायचं. वहीही कपाटातून काढून टेबलाच्या खणात आणून ठेवली होती, म्हणजे वाक्य म्हणायचं आणि खण उघडायचा. असं ठरलं होतं.

साहेब आले. मळईच्या वस्तीवरचा एक माणूस आला. गावातले एक आप्पा आले, मोठे बागाईतदार, पांढरं धोतर, गावचा कुठलाही तंटा त्यांच्याशिवाय मिटत नाही. मामा आले. दारातून जय भीम म्हणाले, पण गारांचं काही बोलले नाहीत.

मामा म्हणाले, "मी गेलतो साहेब तिथं. पायी गेलतो."

आप्पांनी मळईवाल्याला विचारलं, कोण आलतं का रं? तो बिचारा खरं तेच बोलला. म्हणाला, यंत्रं घेऊन लै जण येत्यात आप्पा, टावरवाले येत्यात, लाईटवाले येत्यात. आम्ही रानात, न्हाईतर कंपनीत. कोण आलं, कोण गेलं काय सांगावं. आप्पा हसले आणि छताकडं बघत म्हणाले, "दौंडातनं मळईपर्यंत उन्हाचं कोण मरायला येतंय? घरी बसला आसंल आन् गेलतो म्हणून सांगतोय. ह्या लोकांचं कसं आसतंय, मला म्हाईत न्हाई व्हय?"

ह्या लोकांचं. खोलीत सगळ्यांना कळलं ते काय म्हणाले. मामांनाही कळलं, ते आपल्या पायांकडे बघत राहिले. पायांना भेगा होत्या, रेल्वेच्या खडीवर चालून पडलेल्या. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. तो क्षण होता, नाही का? माझं आडनाव आप्पांच्या भावकीत बसणारं. माझ्याकडे कुणी पुरावा मागितला नव्हता, मागणारही नव्हतं. मामांकडे सगळे मागत होते.

मग साहेब माझ्याकडे वळले. त्यांनी प्रश्न असा विचारला, की जणू उत्तर हातात आणून ठेवलं. "बाई, मामांकडून तिकडचं काही आलंच नव्हतं ना?"

माझं पाठ केलेलं वाक्य कुठं गेलं? मी शोधलं हो. तोंडात नव्हतं. मी म्हटलं, "आलं असतं तर नकाशात दिसलं असतं."

बघा कशी चतुराई. शब्दाला शब्द लावला तर मी कुठं म्हटलं, की आलं नाही? पण सगळ्यांनी माना हलवल्या. साहेबांनी, आप्पांनी, मळईवाल्यानं. मामांनी मान वर केली. रागानं नाही. एखादी हरवलेली वस्तू दुसऱ्याला सापडेल अशी आशा असते ना, तसं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, वही बघा की. वही तुमच्याकडंच हाय."

खण माझ्या गुडघ्याला लागत होता.

मी म्हटलं, "वही मी तुम्हाला परत दिली, मामा."

झालं. हीच ती गोष्ट. यात चतुराई नव्हती, हे नागडं खोटं होतं.

मामा भांडतील असं मला वाटलं होतं. खरं सांगते, भांडावं असंही वाटलं होतं — म्हणजे खण कुणीतरी ओढून उघडला असता. पण मामा म्हणाले, "दिली व्हय? मग घरी आसंल. बघतो." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त. यंत्रातली नोंद तर तोवर दुसऱ्या कामासाठी पुसून गेली होती. साहेबांनी मामांना सांगितलं, तुमचं काम इथं थांबवू. पुढे दौंडकडच्या वस्त्या त्यांनाच मिळायच्या होत्या, त्या दुसऱ्याला दिल्या. आणि आप्पांच्या तोंडून निघालेलं नाव गावोगाव फिरलं — घरबशा सर्व्हेवाला. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात चालण्याशिवाय काही केलं नाही, त्याला.

ते गेल्यावर मी दार लावलं आणि प्रोग्रॅम नीट केला. साठनं भाग, छत्तीसशेनं भाग. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. चारही वस्त्या नकाशावर टिपक्यांसारख्या येऊन बसल्या. पुढच्या महिन्यात साहेबांनी नवा माणूस पाठवून त्या पुन्हा मोजून घेतल्या. त्याचे आकडे आणि मामांचे आकडे मी शेजारी शेजारी ठेवून बघितले. एका अंगणाचाही फरक नव्हता. नकाशात नव्या माणसाचे आकडे गेले.

क्लासातल्या त्या मीटिंगनंतर आठ दिवसांनी मामा आले. कुणी बोलावलं नव्हतं. एसटीनं दौंडहून एवढंच सांगायला आले. नेहमीच्या खुर्चीत बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. "बाई, घर पालथं घातलं. माळ्यावरची पेटी उतरवली. सून म्हणली, मामांजी, आता कौलं तेवढी उचकटायची ऱ्हायली. न्हाई सापडली." मी चहा ठेवला. कपबशी त्यांच्यापुढे ठेवली. ते म्हणाले, "तुम्ही दिली म्हंताय म्हंजी दिलीच आसंल. माझंच डोकं चालंना झालंय."

मग बशीकडे बघत म्हणाले, "मला तिथल्या म्हातारीचा गूळ आठवतोय वो. भिंतीवरच्या कॅलिंडरावरनं तिनं पोराचा नंबर दिला मला. पर गूळ काय, कुठंबी मिळतो. म्या गेलतो का न्हाई, बाई? तुमाला काय वाटतं?"

त्या म्हातारीला कुणी विचारलंच नव्हतं. पोरगा रांजणगावला पाळीवर. त्याला माहीतही नसेल आईनं नंबर कुणाला दिला. मला माहीत होतं. सबंध जगात मला एकटीला माहीत होतं. खण त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर.

मी म्हटलं, "राहू द्या मामा. होतं असं वयानं."

मीटिंगमधलं खोटं भीतीनं आलं होतं म्हणा. हे मी मायेच्या आवाजात बोलले. त्यांचा हात थोपटून बोलले. त्यांच्या डोळ्यादेखत त्यांचं स्वतःचं चालणं मी त्यांच्याकडून काढून घेतलं, आणि त्यांनी मान डोलावली, चहा संपवला आणि कपबशी विसळून ठेवायला उठले. मी म्हटलं, अहो ठेवा.

कशाला घाबरत होते मी एवढी? कॉम्प्युटरबाई हे नाव जाईल, लोक म्हणतील टायपिंगवाल्या बाईनं झेपेल तेवढंच करावं — एवढंच होतं. आज लिहून बघितलं तर एका ओळीत मावलं. आणि नावच जायचं तर मामांचं का जावं, याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. आप्पांनी ते मोठ्यानं म्हटलं. मी न म्हणता त्याचा फायदा घेतला. आप्पांपेक्षा मी बरी, असं मला काही वर्षं वाटायचं. आता वाटत नाही.

वर्षभरानं मी वही पिशवीत घालून दौंडला गेले. या वेळी मनाशी घट्ट ठरवलं होतं. रेल्वे लाइनीपलीकडं त्यांचं घर. मामा ओट्यावर बसले होते. हरखून गेले. सुनेनं पोहे केले आणि मला आत बोलावून हळू आवाजात म्हणाली, "आता समदं लिहून ठेवत्यात बघा. दाराला कडी लावली, लिहिलं. गोळी घेतली, लिहिलं. जेवलेलं बी लिहित्यात. मागं तुमच्याकडं काय घोळ झाला ना, तवापासनं सोताचा भरवसाच ऱ्हायला न्हाई त्यांना." मामांनी मला ती नवी वही दाखवलीही. सकाळी सहा, दूध आणले. सहा दहा, कडी लावली. आठ, बाईंची वाट. मी येणार म्हणून फोन केला होता, तेही लिहिलेलं. मला म्हणाले, "चांगली सवय हाय का न्हाई?"

मी म्हटलं, चांगली आहे. पोहे खाल्ले. पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. परतीच्या एसटीत चौफुल्याला गाडी थांबली, तेव्हा मला वाटलं उतरावं, दुसरी गाडी पकडून मागं जावं. मी जागेवरून उठले सुद्धा. कंडक्टर म्हणाला, बाई, शिरूरचं तिकीट हाय ना? मी म्हटलं हो, आणि बसले.

मामा दोन वर्षांनी गेले. पुण्यानुमोदनाला मी गेले होते. बुद्धवंदना झाली, मग रेल्वेतले जुने सोबती बोलले. एक जण म्हणाला, अशोकभाऊ कामाला इतका पक्का, की त्यांनी तपासलेला रूळ दुसऱ्यानं बघायची गरज नसायची. मग जरा थांबून म्हणाला, शेवटी शेवटी मात्र विसरायला लागले होते, शिरूरच्या कामातही तसंच झालं म्हणे, पण ते वयाचं असतं. सगळ्यांनी हळहळून माना हलवल्या. मी बायकांत बसले होते. मीही हलवली.

अजूनही पावसाळ्यात पाणी सोडल्याची बातमी आली, की मी उठून दार लागलंय का बघते. फोन वाजला की वाटतं, कुणाला तरी कळलं. कुणाला कळणार? आप्पा नाहीत, साहेब कुठं असतात माहीत नाही, क्लासाच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. टेबल मी घरी आणलं. खणाला कुलूप घातलं आणि किल्लीची जागा बदलत असते, जशी काही ती वही स्वतःच्या पायांनी बाहेर पडेल.

मी मळईची वस्ती अजून बघितलेली नाही. पण तिचं पान मला पाठ आहे. वर लिहिलंय, सेल बदलले, आकडे तीन येतात, बाईंना सांगणे. पुढे ‘सांगितले’ म्हणून बरोबरची खूण. मग तीन वस्त्या. चौथी मळईची, वेळ दुपारी पावणेतीन. अंश, मिनिटं, सेकंद. फोन नंबर. आणि कडेला बारीक अक्षरात — म्हातारीने पाणी व गूळ दिला.

अशोकमामा तिथं गेले होते. पायी गेले होते. वही मी त्यांना परत दिली नव्हती.